पोलादाचा दोष

लोहारदादाचं दुकान माझ्या दुकानासमोर. त्याने कुऱ्हाड घडवायची आणि मी तिला दांडा बसवायचा, असा आमचा एकतीस वर्षांचा व्यवहार. हत्यार चांगलं निघालं की गिऱ्हाईक त्याचं नाव घ्यायचं आणि हातात काटा टोचला की माझं. मी कधी तक्रार केली नाही. म्हणजे केली, पण त्याच्यापुढे नाही. त्याच्यापुढे करायची तर आवाज घणापेक्षा मोठा लागला असता, आणि माझा आवाज रंध्याएवढा.

हा माणूस नवं लोखंड हातात धरत नसे. कारखान्यातून आलेली कोरी सळई कुणी दाखवली की नाक मुरडायचा. "नवं लोखंड म्हणजे लग्नाआधीचा जावई," म्हणायचा. "गोड बोलतं. पुढं काय करील ते देवाला ठाऊक." त्याला हवं असायचं ते कामातून निघालेलं पोलाद. ट्रकच्या कमानीचे पाटे, बेअरिंगच्या कड्या, झिजून गुळगुळीत झालेल्या कानशी, करवतीची मोडकी पाती. ज्या पाट्याने पंधरा वर्षं खड्ड्यांतून मालाचं वजन पेललं, त्याला काय येतं ते सिद्ध झालेलं असतं, असं त्याचं म्हणणं. अशा पाट्यातून तो पटाश्या काढायचा, छिन्न्या काढायचा, कुऱ्हाडी आणि विळे काढायचा. प्रत्येकावर दांड्याजवळ तीन ठिपके ठोकायचा. हत्यार तुटलं तर परत आणा, दुसरं घेऊन जा, हा त्याचा शब्द होता. एवढ्या वर्षांत जी परत आली ती त्याने दाराच्या आत एका खिळ्यावर टांगून ठेवली होती, आणि एक खिळा पुरत होता.

घण वहिनी मारायच्या. दादा डाव्या हातात सांडशी धरून लाल पाटा ऐरणीवर ठेवायचा, उजव्या हातातली छोटी हातोडी जिथे टेकवील तिथे वहिनींचा घण पडायचा. हातोडी ऐरणीच्या कडेला दोनदा वाजली की थांबायचं. तोंडाने एक अक्षर नाही. त्या दोघांचं संसारात कशावरही एकमत होत नसे, भाजीत मीठ किती इथपासून भांडण, पण ऐरणीवर कधी घाव चुकला नाही. मी वहिनींना एकदा म्हटलंही, "घरीसुद्धा हातोडीनंच बोलत जा की." त्या म्हणाल्या, "भावजी, मग घरात कुणी शिल्लक राहायचं नाही."

आणि तिसरा चुंबक. भंगारवाला. खरं नाव मी एकदाच ऐकलं, तेही तो गेल्यावर. शर्टाच्या खिशात सुतळीला बांधलेला लोहचुंबक ठेवायचा, म्हणून चुंबक. त्या चुंबकाला कायम काहीतरी चिकटलेलं असे, टाचणी म्हणा, पत्र्याचा कपटा म्हणा, कधी स्वतःच्याच घराची किल्ली. दर बुधवारी तो तीनचाकी गाडीवर माल घेऊन यायचा. आठवडाभर गोळा केलेल्या ढिगातून चांगले तुकडे त्याने दादासाठी आधीच बाजूला काढलेले असायचे. इतर लोहारांकडे तो नंतर जायचा.

"काय रे काळ्या, आहेस का अजून?"

"तुझं भंगार संपलं की जाईन."

एवढं झालं की बसायचे. दादा एकेक तुकडा सहाणेच्या चाकाला लावून ठिणगी बघायचा. पोलाद चांगलं असेल तर ठिणगी लांब जाऊन टोकाला फुलते, साधं लोखंड असेल तर नुसतीच पडते. ठिणगी बघून दादा मान हलवायचा आणि चुंबक म्हणायचा, "मान कशाला हलवतोस, मी आणलंय म्हणजे चांगलंच असणार." मग चहा. दोघांनी एकाच शाळेतून पळ काढलेला, एकाच वर्षी लग्नं झालेली. भाऊ भाऊ एवढ्या वेळा भेटत नाहीत.

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. हत्यार घडवणं म्हणजे निम्मं काम. उरलेलं निम्मं पाण्याचं. टोक लालभडक तापवून पाण्यात बुडवलं की ते काचेसारखं कडक होतं, आणि काचेसारखंच फुटतं. म्हणून लोहार फक्त टोक बुडवतो, लगेच बाहेर काढतो, दगडावर घासून चकचकीत करतो आणि बघत राहतो. मागच्या भागातली ऊब हळूहळू टोकाकडे सरकते आणि त्याचा कडकपणा उतरवत जाते. तिच्याबरोबर त्या चकाकीवर रंग चढत जातात. आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळ्यावर थांबवलं तर धार कडक राहते, म्हणून लाकडाच्या पटाशीला पिवळा. दगडाच्या छिन्नीला रोज हातोड्याचे घाव सोसायचे, म्हणून तिला जांभळ्यापर्यंत जाऊ द्यायचं. हवा तो रंग आला की सगळं हत्यार पाण्यात. रंग येतो आणि जातो, तुमच्यासाठी थांबत नाही. या कामात यंत्र नाही, माप नाही, डोळा आहे. दादाचा डोळा इतका पक्का की दुसरे लोहार आपली अवघड कामं पाण्यासाठी त्याच्याकडे आणायचे.

पहिली पटाशी फुटली ती माझीच. साध्या मऊ लाकडात खाच घेत होतो, कोपऱ्याचा तुकडा उडाला. मी नेऊन दिली, त्याने उलटीपालटी करून पाहिली आणि नवी दिली. महिन्याभराने तीही फुटली. मग पाथरवट छिन्नी घेऊन आला. तिचं उलटंच झालं होतं. फुटली नव्हती, टोक वाकून मऊ बसलं होतं. "दादा, दगड फोडायला दिलीस का लोणी काढायला?" पाथरवट हसत म्हणाला. दादा हसला नाही. त्या वर्षाच्या शेवटी खिळा भरला आणि दादाने दुसरा ठोकला.

तो रात्रंदिवस कुढायला लागला असं वहिनी सांगायच्या. मला तो फक्त कुरकुरा झालेला दिसत होता. सहाणेवर ठिणगी बघायचा आणि मला हाक मारायचा.

"सुतारा, ही ठिणगी बघ. कशी पसरतेय. सगळं धूसर. पूर्वी अशी फुटायची का?"

मी बघितलं. मला ती पूर्वीसारखीच दिसली. पण मी सुतार, ठिणगीतलं मला काय कळतं, असं म्हणून मी भुशात परत गेलो.

मग तो बुधवार. चुंबक आला, काळ्या वगैरे म्हणाला. दादाने उत्तर दिलं नाही. दोन्ही खिळ्यांवरची हत्यारं काढून गाडीवर, चुंबकाच्या मालावर, एकेक करत टाकली. पाथरवट दुकानात होता, आणखी दोन गिऱ्हाइकं होती, पलीकडच्या गल्लीतले दोन लोहार आलेले होते.

"हे तुझं पोलाद," दादा म्हणाला. "एकाच पाट्याची पटाशी फुटते आणि छिन्नी वाकते. हा पाटा आहे का खिचडी? कुठल्यातरी गाळाची भेसळ ओतून बनवलेला माल माझ्या गळ्यात मारतोस."

"जिथून चाळीस वर्षं आणतोय तिथूनच आणतोय."

"मग चाळीस वर्षांनी हाव सुटली म्हणायची."

चुंबकाने गाडीवरची एक छिन्नी उचलली. वाकलेलं टोक अंगठ्याने चाचपलं. मग दादाकडे बघितलं, बराच वेळ. मला वाटलं, आता हा काहीतरी फेकून मारणार. पण त्याने ती छिन्नी आणि एक पाटा गाडीच्या पुढच्या पेटीत टाकला आणि गाडी वळवली. दादा मागून म्हणाला, "परत इकडं फिरकू नकोस." सगळ्यांनी ऐकलं.

पोलादाच्या बाबतीत दादाचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. त्याने ज्याला भेसळवाला म्हटलं त्याचा माल कोण घेणार? आठवड्याभरात गावातल्या बाकीच्या पाचही लोहारांनी चुंबकाकडून घेणं बंद केलं. त्यानंतर दोन बुधवार तो आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी करून थांबलेला मी पाहिला. दादा ऐरणीवरून मान वर करत नव्हता. तिसऱ्या बुधवारी तो आला नाही. दादा दुसऱ्या कुणाकडून पाटे आणायला लागला, दुप्पट भावाने. तेही फुटले आणि वाकले. "सगळा बाजारच नासलाय," तो म्हणाला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. पण हे मी आज लिहितो. तेव्हा नाही म्हटलं.

कारण मला कळलं होतं. इथे मी आडपडदा ठेवणार नाही, नाहीतर हे लिहिण्यात अर्थ नाही.

चुंबकाचं येणं थांबल्यानंतर दीडएक महिन्याची गोष्ट. मी दांडे घेऊन समोर गेलो होतो, दुपारची वेळ. दादा दगडाच्या छिन्नीला पाणी देत होता. टोक बुडवलं, काढलं, घासलं, दाराच्या उजेडात धरलं. मी त्याच्या खांद्यामागून बघत होतो. पिवळा आला, तपकिरी झाला, मग छान जांभळा चढला. तो थांबलेलाच. जांभळा सरला, निळा आला. तो थांबलेलाच. निळाही फिकटून राखाडी झाला तेव्हा तो पुटपुटला, "तपकिरी सुटतच नाहीये मेला," आणि मग कंटाळून छिन्नी पाण्यात टाकली. त्याच्या लगेच नंतर एक पटाशी. नुसती घासलेली, पांढरीशुभ्र, अजून एक रंग चढला नव्हता आणि त्याने बुडवली. "पिवळी झाली," म्हणाला.

पांढरं त्याला पिवळं दिसत होतं. जांभळं त्याला तपकिरी दिसत होतं. पटाश्या का फुटतात आणि छिन्न्या का वाकतात, दोन्ही कोडी माझ्यासमोर एकाच मिनिटात सुटली. पोलादात काही दोष नव्हता.

मी काय केलं? दांडे कोपऱ्यात ठेवले आणि म्हणालो, "येतो दादा." बाहेर पडलो.

मूग गिळून बसलो. कारणं होती, कारणं कधी कमी पडत नाहीत. एक तर त्याचा राग. एकदा मी म्हटलं होतं की कुऱ्हाडीचं भोक जरा तिरकं आहे, तर आठ दिवस माझ्याशी बोलला नव्हता. दुसरं म्हणजे सोनाराने कान टोचावेत, असं आपल्यात म्हणतात. एखादा लोहार सांगील, वहिनी सांगतील, मी कोण? आणि तिसरं, जे मला आजही सांगताना जड जातं. त्याचं दुकान बंद झालं तर माझे दांडे कुणाच्या कुऱ्हाडींना बसणार होते? मी स्वतःला म्हटलं, आपण बघितलंच नाही. महिन्याभराने मला खरोखरच वाटायला लागलं की कदाचित त्या दिवशी उजेड बरोबर नसेल.

चुंबकाकडे मग बाटल्या, रद्दी आणि प्लॅस्टिकच उरलं. तो मला बाजारात दिसायचा. शर्टाच्या खिशात चुंबक होता, पण त्याला काही चिकटलेलं नसे. "कसा आहे काळ्या?" एवढंच विचारायचा. मी म्हणायचो, "बरा आहे." तो थोडा थांबायचा, मी आणखी काही बोलेन अशा बेताने. मी बोलायचो नाही. पुढच्या वर्षी त्याच्या छातीचं दुखणं निघालं. तीन महिन्यांत गेला.

त्याला पोचवायला मी गेलो होतो. परत आलो तर दादाच्या दुकानातून ठोकण्याचा आवाज येत होता. वहिनींनी त्या दिवशी घण उचलला नव्हता. दाराबाहेर पायरीवर बसल्या होत्या, पदर तोंडाशी धरून. आत दादा एकटाच हातोडीने जाड पाटा ठोकत होता. एकट्याने तो पाटा वळणार नाही हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. संध्याकाळी बघितलं तर तो होता तसाच सरळ पडला होता.

पुढे पाच-सहा महिन्यांनी दादाने स्वतःच्याच अंगठ्यावर हातोडी मारून घेतली. दवाखान्यात टाके घालणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्याचा चेहरा वर केला, डोळ्यात बॅटरी मारली आणि विचारलं, "आजोबा, या डोळ्यांनी तुम्ही काय काम करता?" दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू होता. वहिनींनी त्याला पुढं काही बोलू दिलं नाही. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आधी झालं, डाव्याचं नंतर करायचं ठरलं. दोन महिने भट्टीजवळ जायचं नाही, धूर नको, ठिणगी नको, असं बजावून घरी पाठवलं.

विसाव्या दिवशी वहिनी बाजारात गेल्या तेव्हा त्याने भट्टी पेटवली. मी समोर पटाशीला धार लावत होतो. काळा चष्मा त्याने कपाळावर सरकवला होता. छिन्नीसारखा एक तुकडा तापवला, टोक बुडवलं, घासलं, उजेडात धरलं. मग डावा डोळा तळहाताने झाकला. मग हात बदलून उजवा झाकला. पुन्हा डावा. पुन्हा उजवा. तुकडा निवला तसा त्याने दुसऱ्यांदा तापवला आणि पुन्हा तेच. असं सहा-सात वेळा. शेवटी तुकडा त्याच्या हातातून खाली पडला तो त्याने उचललाच नाही. भट्टीवरचा पंखा चालू, कोळसे लाल, आणि तो ऐरणीच्या ओंडक्यावर बसून राहिला.

मी गेलो. जाणं भागच होतं.

"नव्या डोळ्याला जांभळं," तो म्हणाला. "जुन्याला तपकिरी. एकच रंग, सुतारा. एकाच वेळी." मग म्हणाला, "चुंबकाचा माल चांगला होता."

मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका म्हणून सांगितलं होतं, आणि मला त्या क्षणी तेवढंच सुचलं. "दादा, डोळ्यात पाणी नको," मी म्हणालो. एवढा मूर्ख मी आयुष्यात दुसऱ्यांदा झालो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चष्मा घालून माझ्या दारात उभा. "चल माझ्याबरोबर. चुंबकाच्या पोरीकडे जायचंय. एकट्याने पाय उचलत नाहीत." चुंबकामागे त्याची मुलगी भंगाराचं दुकान चालवत होती. पत्र्याच्या शेडमध्ये रद्दीचे गठ्ठे रचलेले, एका बाजूला बाटल्या. ती गठ्ठा बांधत होती, गुडघा गठ्ठ्यावर रोवून सुतळी आवळत होती. आम्हाला बघून तिने हात थांबवला नाही.

"बसा काका," ती म्हणाली. बसायला काही नव्हतं.

दादा उभाच राहिला. वाटेत त्याने काय काय बोलायचं ठरवलं असेल, पण निघालं एवढंच. "तुझ्या बापाला मी चारचौघांत खोटं पाडलं. त्याचा माल चांगला होता. डोळे माझे गेले होते."

"माहीत आहे आम्हाला," ती म्हणाली.

दादाने चष्मा काढला.

"त्या दिवशी बाबांनी एक पाटा आणि तुमची वाकलेली छिन्नी आणली ना, तो पाटा घेऊन ते तीन तास बसने लांबच्या एका लोहाराकडे गेले. तिथे छिन्नी करून घेतली. ती तिथल्याच एका दगडवाल्याला आठ दिवस वापरायला दिली. काही झालं नाही तिला. मग तिथल्या लोहाराने तुमची छिन्नी बघून सांगितलं, की पोलाद एकच आहे, पाणी देणाऱ्याला रंग दिसत नाही." तिने गाठ मारली आणि गुडघा काढला. "मी म्हटलं, बाबा, ही छिन्नी नेऊन त्यांच्या ऐरणीवर आपटा. पाचही लोहारांना बोलावून आपटा. तर मलाच ओरडले. म्हणाले, त्याला दिसत नाही असं एकदा बाहेर कळलं तर त्याच्याकडे कुत्रं फिरकणार नाही. त्याला दुसरं काय येतं? माझं काय, भंगारवाल्याला लोक तसंही चोरच समजतात."

दादा भिंतीचा आधार घेऊन हळूहळू खाली, नुसत्या जमिनीवर बसला.

"मला पटलं नव्हतं," ती म्हणाली. "अजून पटलेलं नाही. त्यांचं सगळं गेलं. तुम्ही आलात, बरं केलंत, पण मी बरं झालं असं म्हणणार नाही."

"म्हणू नकोस," दादा म्हणाला.

"डोळे तपासा एवढं तरी सांगा त्यांना, मी शेवटपर्यंत म्हणत होते. तर म्हणायचे, मी सांगितलं तर त्याला वाटेल सूड उगवतोय, उलट आणखी हट्टाला पेटेल. सांगायला त्याच्या जवळचं कुणीतरी हवं. समोर सुतार आहे. रोज बघतो, शहाणा माणूस आहे, एक ना एक दिवस त्याच्या लक्षात येईल आणि तो सांगेल. बाजारातून आले की दर वेळी म्हणायचे, आज सुतार भेटला होता, अजून त्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही." ती माझ्याकडे वळली. आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होती. "सुतारकाका, तुम्हाला कधी दिसलं नाही?"

नाही म्हणता आलं असतं. कुणी पुरावा मागणार नव्हतं. दादा जमिनीवरून माझ्याकडे बघत होता, एक डोळा स्वच्छ, एक गढूळ.

"दिसलं होतं," मी म्हणालो.

ती दुसऱ्या गठ्ठ्याची सुतळी शोधायला लागली. दादा भिंतीला धरून उठला, तिच्या डोक्यावर हात ठेवावा म्हणून हात उचलला आणि न ठेवताच खाली घेतला. "येतो पोरी," म्हणाला. परतीच्या वाटेवर मी काहीतरी बोलायची दोनदा सुरुवात केली, पण मला वाक्य सापडलं नाही. तो माझ्या बरोबरीने चालत होता, पुढे नाही, मागे नाही. गल्लीत आल्यावर आपल्या दुकानात गेला.

दुपारी तो पुन्हा बाहेर पडला आणि पाचही लोहारांकडे, पाथरवटाकडे, चारचौघांत जाऊन तेच वाक्य बोलून आला. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. त्यातल्या दोघांनी चुंबकाच्या मुलीकडून पाटे घ्यायला सुरुवात केली, बाकीच्यांनी केली नाही. एकदा लागलेला बट्टा पुसायला नुसतं बोलणं पुरत नाही. दादाकडे पाण्यासाठी येणारी कामं मात्र बंद झाली, चुंबकाने म्हटलं होतं तसंच. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन त्याला माझ्यापेक्षा स्वच्छ दिसायला लागलं, तरी लोक म्हणायचे, म्हातारा आहे, जाऊ द्या.

माझ्याशी तो महिनाभर बोलला नाही. मी दार लावून दुसरीकडे जायचा विचार करत होतो. मग एका सकाळी समोरून हाक आली. "सुतारा, इकडे ये." मी गेलो. हातात पटाशी, टोक नुकतंच घासलेलं.

"रंग सांग," तो म्हणाला.

मी बघत राहिलो. पांढरं होतं ते पांढरं म्हटलं, पिवळं झालं तेव्हा पिवळं म्हटलं. त्याने बुडवली. "जा," म्हणाला.

त्यानंतर तो चार वर्षं जगला, आणि त्या चार वर्षांत त्याने माझ्याशिवाय एकाही हत्याराला पाणी दिलं नाही. मी जेवायला बसलेलो असलो तर थांबायचा. एकदा तापाने मी आठवडाभर घरी होतो, तर घडवलेल्या सात पटाश्या तशाच भट्टीशेजारी पडून होत्या. मी आल्यावर त्याने त्या एकेक करून तापवल्या. वहिनी एकदा मला हळूच म्हणाल्या, "भावजी, मनाला लावून घेऊ नका. त्यांना असंच काहीतरी लागतं." पण मी लावून घेतलंच होतं, आणि त्याने तसं करावं हे मला रास्त वाटत होतं.

शेवटच्या वर्षी एकदा मी धीर करून विचारलं. छिन्नीचं टोक उजेडात होतं, पिवळा चढायला लागला होता.

"दादा, तुला माझ्यापेक्षा चांगलं दिसतं. मग मला कशाला बोलावतोस?"

त्याने छिन्नीवरची नजर काढली नाही. "मला दिसतं रे," म्हणाला. "तू बोलतोस की नाही, ते बघतो."

पिवळा जाऊन तपकिरी आला होता. कडेला जांभळ्याची रेघ दिसायला लागली, पुढे सरकली, टोकापर्यंत पोचली.

"आता," मी म्हणालो.